पहिली हाफ मॅरेथॉन: चौदा आठवड्यांची तयारी आणि पहिल्या पाच किलोमीटरचा संयम

पहिल्या हाफ मॅरेथॉनमध्ये पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून चालणारे जे लोक दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचं गणित पहिल्या पाच किलोमीटरमध्येच बिघडलेलं असतं. पहाटेची हवा गार असते, आजूबाजूला हजारो माणसं, ढोल वाजतायत, दोन आठवडे कमी धावून पाय हलके झालेले. अशा वेळी किलोमीटरमागे तीस-चाळीस सेकंद जास्त वेग सहज निघतो आणि आपण जोरात धावतोय हे कळतही नाही. कळतं ते दीड तासानं. म्हणून खाली आठवड्यांचा आराखडा आहेच, पण सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: हळू धावायची सवय लावणं, आणि शर्यतीच्या सकाळी ती सवय न सोडणं.

सुरुवात कुठून

हाफचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. चौदा आठवड्यांत तिथवर पोचायचं, तर सुरुवातीला न थांबता ५ किलोमीटर धावता यायला हवं आणि किमान दोन महिने आठवड्यातून तीनदा धावण्याची सवय हवी. ५ किलोमीटरला किती वेळ लागतो, हे इथे महत्त्वाचं नाही. इतकी तयारी नसेल, तर आधी आठ आठवडे चालणं आणि धावणं आलटून पालटून करून तिथे या, किंवा या वर्षी १० किलोमीटरच्या शर्यतीत नाव घाला. १० ची शर्यत कमीपणाची नाही, आणि पुढच्या हाफचा वेग ठरवायला तीच उपयोगी पडते.

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा धावताना कधी छातीत दडपण आलं असेल, चक्कर आली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. त्यांनी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट सांगितली तर ती करूनच सराव सुरू करा. ही पायरी वगळू नका.

मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून चौदा आठवडे मागे मोजले की ऑक्टोबरचा दुसरा आठवडा येतो. म्हणजे सुरुवात ऑक्टोबर हीटमध्ये होणार आणि पहिल्या महिन्याच्या आसपास दिवाळी येणार, हे धरूनच चाला. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते, त्यामुळे तिचा सराव जवळजवळ सगळा पावसात होतो. तिथे ओले मोजे, निसरडे रस्ते आणि पायाला येणारे फोड हाच मोठा विषय असतो.

आठवड्याचा आराखडा

चार दिवस धावणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, सोमवारी पूर्ण विश्रांती. ताकदीच्या दोन दिवसांपैकी शुक्रवारचा दिवस थकवा असेल तर बिनधास्त सोडा.

रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं. चौदा आठवड्यांच्या रविवारांची अंतरं किलोमीटरमध्ये अशी: ६, ७, ८, ६, ९, १०, १२, ९, १३, १५, ११, १७, १०, आणि चौदाव्या रविवारी शर्यत. चौथ्या, आठव्या आणि अकराव्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलं आहे. शरीर धावताना घडत नाही, धावण्यानंतरच्या विश्रांतीत घडतं. हे हलके रविवार गाळून जो सलग चढत जातो, तो बहुधा नवव्या-दहाव्या आठवड्यात पोटरी किंवा गुडघा धरून बसतो. दिवाळीचा आठवडा पुढे-मागे आला, तर जवळचा हलका आठवडा तिथे सरकवा.

मंगळवारी आरामात ५ किलोमीटर, हळूहळू ७ पर्यंत. गुरुवारी ४ ते ७ किलोमीटर. पहिले पाच आठवडे गुरुवारही आरामाचाच ठेवा, फक्त शेवटी २० सेकंदांच्या चार-पाच मोकळ्या, लांब टांगांच्या धावा घ्या आणि प्रत्येकीनंतर दम पूर्ण खाली येईपर्यंत चाला. सहाव्या आठवड्यापासून एका गुरुवारी चढ आणि पुढच्या गुरुवारी शर्यतीचा वेग, असं आलटून पालटून करा. चढाच्या दिवशी साधारण २०० मीटरचा मध्यम चढ सहा वेळा धावून चढायचा आणि चालत उतरायचं. वेगाच्या दिवशी आधी १ किलोमीटर सावकाश, मग ३ किलोमीटर शर्यतीच्या ठरवलेल्या वेगानं, मग १ किलोमीटर सावकाश. बाराव्या आठवड्यापर्यंत हे मधले ३ वाढवत ५ करा. शनिवारी ३ किलोमीटर अगदी रमतगमत, नाहीतर अर्धा तास चालणं.

पहिल्या आठवड्याची बेरीज १८ किलोमीटर होते, बाराव्याची ३४. नोकरी-घर सांभाळून पहिल्या हाफसाठी एवढं पुरतं.

सरावात २१ का धावायचं नाही, असं प्रत्येक नवा धावक विचारतो. किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं, अशा वेगानं १७ किलोमीटरलाच २ तास २० मिनिटं लागतात. त्याच्या पुढे पायांची झीज वाढत जाते, तयारीत मात्र फारशी भर पडत नाही, आणि पुढचा पूर्ण आठवडा त्या एका धावण्यातून सावरण्यात जातो. उरलेले चार किलोमीटर विश्रांती घेतलेल्या पायांवर सोडायचे.

चढासाठी जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुण्यात वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी आहेत. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा रस्ता आहे. नागपुरात सेमिनरी हिल्स आहेत. लाँग रनला मात्र शक्यतो सपाट आणि वाहनं कमी असलेला रस्ता निवडा. कोल्हापूरकरांना रंकाळ्याच्या फेऱ्या सोयीच्या पडतात. फेऱ्यांचा फायदा असा की पाण्याची बाटली एकाच जागी ठेवता येते. अंधारात धावताना समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेनं धावा, अंगावर चमकणारी पट्टी घाला आणि दोन्ही कानांत इयरफोन घालू नका.

एखादा आठवडा बुडाला तर तो भरून काढायला जाऊ नका. मागचा लाँग रन जितका झाला होता, तिथूनच पुढे चला. ताप आला असेल तर तो उतरून किमान दोन दिवस गेल्याशिवाय धावू नका, आणि मग पहिले दोन-तीन दिवस अगदी सावकाश धावा. सलग तीन आठवडे बुडाले, तर आयोजकांकडे १० किलोमीटरमध्ये बदल करून मिळतो का ते विचारा.

हळू म्हणजे किती हळू

गुरुवारचं काम सोडलं तर बाकी सगळं धावणं इतकं सावकाश हवं, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं आणि फोनवर बोललात तरी पलीकडच्याला तुमची धाप ऐकू येऊ नये. दोन-दोन शब्दांत बोलावं लागत असेल तर वेग जास्त आहे. १० किलोमीटर ६५ मिनिटांत, म्हणजे साडेसहाच्या वेगानं धावणाऱ्यानं लाँग रन पावणेआठ ते सव्वाआठच्या वेगानं करायला हवा. सुरुवातीला हे इतकं संथ वाटतं की लाज वाटते. तरीही तसंच धावा.

यामागे कारण आहे. फुप्फुसं आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात. घोट्यामागची शीर, गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध आणि नडगीचं हाड यांना काही महिने लागतात. पाचव्या ते आठव्या आठवड्यात दम पुरायला लागतो, आत्मविश्वास येतो, वेग आपोआप वाढतो, आणि नेमकी तेव्हाच दुखापत होते. दुसरं कारण इंधनाचं. सावकाश धावताना शरीर चरबीचा मोठा वाटा वापरतं. वेगात धावताना ते स्नायूंतली साठवलेली साखर झपाट्यानं संपवतं, आणि हा साठा मर्यादित आहे.

किनारपट्टीवर दमटपणाचा हिशेब वेगळा करावा लागतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, शरीर त्वचेकडे जास्त रक्त वळवतं आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी चढते. पुण्या-नाशकात सराव करून मुंबईत धावणाऱ्यांनी ठरवलेल्या वेगात किलोमीटरमागे किमान १५ ते २० सेकंद वाढवावेत.

ताकदीचे व्यायाम

आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं, घरच्या घरी. स्क्वॉट, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं खाली जाऊन उठणं, १५ चे दोन सेट. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं १५ चे दोन सेट, आठवड्याभरानं हेच एकेका पायावर. पाठीवर झोपून कंबर उचलणं १५ चे दोन सेट. एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागे नेत पुढे वाकणं, प्रत्येक पायाला १०. प्लँक, म्हणजे कोपर आणि चवडे टेकून अंग सरळ धरणं, ३० सेकंद, तीनदा. पोटऱ्या आणि पार्श्वभागाचे स्नायू दमले की गुडघा आत वळतो, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं अनेकदा तिथूनच सुरू होतं.

काय दुखतंय आणि केव्हा थांबायचं

स्नायू दोन्ही पायांत सारखे भरून आले असतील आणि धावायला लागल्यावर मोकळे होत असतील, तर काळजी नको. एकाच बाजूला, एकाच जागी दुखत असेल आणि धावताना वाढत असेल, तर थांबा. दुखण्यामुळे चाल बदलली, लंगडणं सुरू झालं, तर त्या दिवसाचं धावणं तिथेच संपवा. लंगडत धावलं की दुसरा पाय दुखावतो.

नडगीच्या हाडावर बोटानं दाबून पाहा. बरीच लांब पट्टी दुखत असेल तर बहुधा अचानक वाढवलेलं अंतर किंवा झिजलेले बूट कारण असतात. आठवडाभर कमी धावून फरक पडतो. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी ठणका लागत असेल तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. मग धावणं बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच टोचत असेल, तर अंथरुणातच तळपाय ताणा, घरात अनवाणी चालणं कमी करा आणि पोटऱ्यांचे व्यायाम नेमानं करा.

दुखणं दाबायला गोळी खाऊन धावू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पोटाला त्रास देतात. शर्यतीच्या सकाळी तर त्या अजिबात घेऊ नका.

बूट, मोजे, व्हॅसलीन

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट शर्यतीआधी किमान ५० किलोमीटर वापरलेले असावेत, त्यांतला एक लाँग रन असावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ दबतो; वरून बूट चांगले दिसत असले तरी बदला.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. सिंथेटिक मोजे घ्या. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीन चोपडा. पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोअर टेप लावावी. दोन तास ओला टी-शर्ट घासला की रक्त येतं. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या शिवणीखाली आणि पट्ट्यांखाली व्हॅसलीन लावावं. ती ब्रा किमान तीन लाँग रनला वापरून पाहिलेली असावी. आयोजकांनी दिलेला नवा टी-शर्ट शर्यतीत घालू नका, तो धावून आल्यावर घाला.

पोट आणि पाणी

लाँग रन ही खाण्याची रंगीत तालीमही आहे. शर्यतीच्या दिवशी जे खाणार, ते किमान चार रविवारी त्याच वेळी, त्याच प्रमाणात खाऊन पाहा.

धावण्याआधी दोन ते अडीच तास काहीतरी पिठूळ आणि हलकं: दोन-तीन ब्रेडचे काप जॅम किंवा मध लावून आणि एक केळ, किंवा शेंगदाणे न घातलेले, कमी तेलाचे वाटीभर पोहे. साबुदाण्याची खिचडी तूप आणि शेंगदाण्याच्या कुटामुळे जड पडते. चहा-कॉफीची रोजची सवय असेल तर घ्या, नसेल तर त्या दिवशी सुरू करू नका. आदल्या रात्री लवकर, सातच्या सुमारास, वरण-भात किंवा दही-भात. मिसळ, उसळ, कच्च्या कोशिंबिरी, पनीरच्या जड भाज्या आदल्या दिवशी नकोत. तंतुमय आणि तेलकट पदार्थ धावताना पोट ढवळतात. हाफसाठी ताट दुप्पट करायची गरज नाही. शेवटचे दोन दिवस भाजी थोडी कमी आणि भात-बटाटा थोडा जास्त, एवढंच करा.

दीड तासाच्या पुढे धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पहिल्यांदा धावणाऱ्यानं ३० ते ४० चं लक्ष्य ठेवावं. बाजारात धावकांसाठी मिळणाऱ्या साखरेच्या घट्ट पाकाच्या एका पुडीत, म्हणजे जेलमध्ये, बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. साधे मध्यम आकाराचे चार खजूर तेवढंच काम करतात. बिया काढून, किंचित मीठ लावून छोट्या पिशवीत ठेवा. पहिलं खाणं ४५ मिनिटांनी, मग दर ३५-४० मिनिटांनी. भूक लागेपर्यंत किंवा थकवा येईपर्यंत थांबू नका. पोटातलं रक्तात यायला वेळ लागतो. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्या. गोड स्पोर्ट्स ड्रिंकवर जेल घेतलं की साखर पोटात साचते आणि मळमळ सुरू होते.

पाणी किती, हे प्रत्येकाचं वेगळं. एका लाँग रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. गेलेलं सगळं धावतानाच भरून काढायचं नसतं. बहुतेकांना तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर, तहानेप्रमाणे, घोट-घोट, पुरतं. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पाणी पिता. नुसतं पाणी पीत राहिल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलटी, गोंधळलेपण ही त्याची लक्षणं आहेत. हावरटासारखं पाणी पिणाऱ्या सावकाश धावकांना हा धोका जास्त असतो. घाम वाळल्यावर टोपीवर पांढरे डाग पडत असतील तर ओआरएस वापरा. पुडी पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवा, अंदाजानं नको.

शर्यतीचा वेग ठरवणं

शर्यतीआधी तीन-चार आठवडे, एखाद्या गुरुवारच्या किंवा हलक्या रविवारच्या जागी, १० किलोमीटर मनापासून धावा. त्या वेळेला २.२ नं गुणा. ६५ मिनिटांचे १४३ होतात, म्हणजे २ तास २३ मिनिटं. हा आकडा आठवड्याला भरपूर धावणाऱ्यांना जमतो. पहिल्या हाफला त्यात पाच ते सात मिनिटं घाला आणि अडीच तासांचं लक्ष्य ठेवा.

अडीच तास म्हणजे सरासरी ७ मिनिटं ६ सेकंदांचा वेग. तो पुढीलप्रमाणे वाटून घ्या:

पहिले ३ किलोमीटर ७:२० नं, म्हणजे तिसऱ्या किलोमीटरच्या पाटीला २२:०० मिनिटं.
चौथा ते सोळावा ७:०५ नं. पाचव्या पाटीला ३६:१०, दहाव्याला १:११:३५, पंधराव्याला १:४७:००, सोळाव्याला १:५४:०५.
शेवटचे ५ किलोमीटर ७:०० नं. विसाव्या पाटीला २:२२:०५, आणि शेवट २:२९:४६ ला.

हे आकडे छोट्या कागदावर लिहून मनगटावर चिकटवा. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये सोडलेले पंचेचाळीस सेकंद पुढे सहज भरून निघतात. तेच पंचेचाळीस सेकंद आधी कमवायला गेलात, तर शेवटच्या पाचात पाच-सात मिनिटं जातात.

घड्याळावर पूर्ण भरवसा ठेवू नका. मार्ग मोजताना सर्वांत आखूड रेषा धरतात. आपण वळणं बाहेरून घेतो, गर्दीत डावीकडे-उजवीकडे होतो, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. शेवटी घड्याळ २१.३ किंवा २१.४ दाखवतं. म्हणून घड्याळावर ७:०५ दिसत राहिले तरी अडीच तास थोडक्यात हुकतात. ऑटो लॅप, म्हणजे घड्याळानं आपणहून प्रत्येक किलोमीटर मोजणं, बंद करा, प्रत्येक पाटीजवळ बटण दाबा आणि कागदाशी ताडून पाहा. वेळ मोजायची ती तुम्ही सुरुवातीच्या चटईवर पाय ठेवल्यापासून. बंदूक वाजल्यापासून तिथे पोचायला मागच्या गटात दहा मिनिटंही लागू शकतात, पण बिबमागची, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदामागची, चिप तुमची वेळ स्वतंत्र मोजते. मात्र मार्ग बंद होण्याची वेळ बंदुकीपासून मोजतात की शेवटच्या गटापासून, हे नियमांत आधीच वाचून ठेवा.

तीन तासांचं लक्ष्य असेल तर धावणं-चालणं ही पद्धत वापरा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी ती जगभर रुजवली. चार मिनिटं ८:०० च्या वेगानं धावा, एक मिनिट भरभर चाला, म्हणजे ११:०० च्या वेगानं. सरासरी साधारण ८:२८ येते आणि एकूण वेळ २ तास ५८ मिनिटांच्या आसपास. अट एकच: चालणं पहिल्याच फेरीपासून हवं. 'आत्ता दमलो नाही, नंतर चालू' म्हणून पहिल्या तासात चालणं गाळलं, तर ही पद्धत उरतच नाही. चालताना रस्त्याच्या कडेला जा आणि हात वर करून मागच्यांना कळवा.

चढावर वेग बघू नका, श्वास बघा. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचं असतं. तिथे चढावर किलोमीटरमागे एक मिनिट जास्त लागला तरी तो योग्यच वेग आहे. उतारावर टांगा लांब टाकल्या तर प्रत्येक पाऊल मांडीवर ब्रेकसारखं आदळतं आणि शेवटच्या सपाटीवर मांड्या उचलत नाहीत. पावलं छोटी आणि झटपट ठेवा, अंग किंचित पुढे झुकवा. उताराचाही सराव दोन-तीन वेळा करून ठेवा. मुंबईत नवख्यांना पेडर रोडच्या चढाची धास्ती असते, पण तो छोटा आहे. पावलं आखूड करून शांतपणे चढा, वर पोचल्यावर लगेच वेग घेऊ नका. मार्ग वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहा आणि चढ-उतार कुठे आहेत ते कागदावर लिहा.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात केलेल्या मेहनतीनं काही वाढत नाही, बिघडू मात्र शकतं. मंगळवारी ५ किलोमीटर, त्यांतले २ शर्यतीच्या वेगानं. गुरुवारी ४ सावकाश. शनिवारी १५-२० मिनिटं हलकं धावणं किंवा काहीच नाही. या दिवसांत पाय जड वाटणं, कुठेतरी उगाच दुखल्यासारखं होणं नेहमीचं आहे. बिब घ्यायला शक्यतो आदल्या दिवशी जाऊ नका, आणि एक्स्पोमध्ये, म्हणजे बिब वाटतात त्या प्रदर्शनात, तीन-तीन तास उभे राहू नका. आदल्या रात्री झोप नीट लागत नाही, तेव्हा शुक्रवारची रात्र सांभाळा. बिब टी-शर्टला चार पिनांनी आदल्या रात्रीच लावा. बिबच्या मागच्या बाजूला आपत्कालीन संपर्क आणि औषधांची माहिती लिहा.

शर्यतीची सकाळ

सुरुवातीच्या जागी तास-सव्वा तास आधी पोचा. सामान ठेवण्याची आणि शौचालयाची रांग यांतच अर्धा तास जातो. गार हवा असेल तर जुना टी-शर्ट वरून घाला आणि सुरू होताना काढून ठेवा. पाच मिनिटं चालणं, घोटे आणि खुबे फिरवणं, पाय पुढे-मागे झुलवणं, एवढा वॉर्मअप पुरे. उरलेला वॉर्मअप म्हणजे पहिले तीन किलोमीटर. आपल्या गटाच्या मागच्या भागात उभे राहा. पेसर म्हणजे ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देणारा धावक, आणि बस म्हणजे त्याच्याबरोबर धावणारा गट. पेसरच्या बसमध्ये धावायचं असेल, तर त्याला आधीच विचारा, की तो सगळं अंतर एकसारखं धावणार आहे का, चढावर आणि पाण्याच्या टेबलांवर काय करणार आहे.

पहिल्या किलोमीटरला शेकडो लोक तुम्हाला मागे टाकतील. जाऊ द्या. फटींतून नागमोडी पुढे घुसू नका. त्यात अंतरही वाढतं आणि दमही जातो. पहिल्या पाटीला कागदापेक्षा पुढे असाल तर लगेच वेग कमी करा. पाचव्या पाटीला स्वतःला विचारा: पूर्ण वाक्य बोलता येतंय का? येत नसेल तर पुढचे तीन किलोमीटर किलोमीटरमागे वीस सेकंद सावकाश धावा. तेव्हा दुरुस्ती स्वस्तात होते, बाराव्याला होत नाही.

पाण्याच्या पहिल्या टेबलावर झुंबड असते, पुढच्या टेबलांकडे जा. दहा-पंधरा पावलं चालत प्या. कूस दुखायला लागली तर वेग कमी करा, ओठ आवळून लांब श्वास सोडा आणि दुखऱ्या बाजूला हातानं दाबा; दोन-तीन मिनिटांत जाते. पोटरीत गोळा आला तर थांबून हळुवार ताणा आणि मग आधीपेक्षा सावकाश धावा. याचं मुख्य कारण दमलेला स्नायू असतो, त्यामुळे नुसत्या मिठाच्या पाण्यानं तो सुटेलच असं नाही.

सोळाव्याच्या पुढे सगळ्यांचेच पाय जड होतात. इथे वेग वाढवण्यापेक्षा धाव बिघडू न देणं महत्त्वाचं. खांदे खाली, मुठी सैल, पावलं छोटी. पुढच्या पाटीपर्यंतच विचार करा. विसाव्या पाटीला दम असेल तर जोर लावा, त्याआधी नको.

आणि काही लक्षणांवर थांबायचंच. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं किंवा दडपण, अचानक भोवळ, न झेपणारा दम, उन्हात अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, पाय वाकडे पडणं, आपण कुठे आहोत हे न कळणं. यांपैकी काहीही झालं तर रस्त्याच्या कडेला या आणि स्वयंसेवकाला किंवा जवळच्या धावकाला सांगा. दुसरा कुणी असा दिसला, तर तुमची वेळ विसरा आणि त्याच्याजवळ थांबा. उष्माघातात पहिली काही मिनिटं महत्त्वाची असतात. त्याला सावलीत नेऊन भरपूर पाणी ओता, बर्फ मिळाला तर लावा आणि वैद्यकीय पथकाला बोलवा.

रेषा ओलांडल्यावर

लगेच बसू नका. धावणं एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. किमान दहा मिनिटं चालत राहा, घोट-घोट पाणी घ्या, ओले कपडे बदला. अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पिठूळ आणि प्रथिनं असलेलं खा: इडली-सांबार, अंडी-पाव, किंवा ताक आणि केळी. मळमळत असेल तर जबरदस्ती नको, लिंबू-सरबतानं सुरुवात करा. त्या दिवशी खोल मसाज करून घेऊ नका. स्वतः गाडी चालवत लांबचा प्रवासही टाळा.

पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या बोलतील. या दिवसांत रोज वीस-तीस मिनिटं चाला. पाचव्या-सहाव्या दिवशी ३ किलोमीटर अगदी सावकाश धावून पाहा. कुठे एका जागी दुखलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात दर वेळी ४-५ किलोमीटर, आणि तिसऱ्या आठवड्यापासून ८ किलोमीटरचा रविवार सुरू करायला हरकत नाही.